इंग्रजीच्या ओसरीवरून दिसणारी इटली

मेहकर तालुक्यातील डोणगावी बसून इटालियन भाषेच्या विद्यापीठीय अभ्यासाविषयी लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. आमच्या ख्रिस्ती घरांतून मुलामुलींनी काय शिकावे, याची उत्तरे बहुधा ठरलेली असतात : परिचर्या, अध्यापन, अभियांत्रिकी, संगणक. इटालियन म्हटले की डोळ्यांपुढे दोनच व्यक्ती येतात. एक, धर्मशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी रोमला जाणारे आपले धर्मगुरू. दुसरी, चरितार्थासाठी परदेशी निघालेला तरुण वा तरुणी. दोघांविषयीही आम्हांस आदर आहे. परंतु त्या भाषेचे, तिच्या वाङ्मयाचे व संस्कृतीचे अध्ययन हेच ध्येय मानून विद्यापीठाची पायरी चढणारा तिसरा कोणी आपल्यात असावा, असा विचार आपण फारसा केलेला नाही. त्या उणिवेची किंमत आपण आपल्या वाचनात आणि आपल्या प्रार्थनेत मोजत आहोत, हे दाखविण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

आपल्या घराघरांतील संतांची नावे आठवून पाहावी. असिसीचे फ्रान्सिस, त्यांच्या सहकारिणी क्लारा, सिएनाच्या कॅथरिन, डॉन बॉस्को : ही सारी इटलीच्या भूमीतील माणसे. लिस्बनमध्ये जन्मलेले अंतोनीही ओळखले जातात ते पादुआचे म्हणून. या संतांची चित्रे आपल्या भिंतींवर आहेत, त्यांच्या नोव्हेना आपल्याला पाठ आहेत. मात्र त्यांचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते बहुतांशी इंग्रजीतून. आपण इटलीकडे पाहतो ते इंग्रजीच्या ओसरीवर उभे राहून. ओसरीवरूनही पुष्कळ दिसते, हे खरे. परंतु माजघरातील बोलणे तेथे ऐकू येत नाही.

एकच शतक, एकच प्रश्न

इटालियन वाङ्मयाचा अभ्यास मराठी माणसाने करावा याचे पहिले कारण आमच्या मते धार्मिक नाही, वाङ्मयीन आहे. आणि ते कारण डोणगावपासून फार दूर नाही. लोणार आणि मेहकर ही दोन्ही नावे लीळाचरित्रात येतात. तेराव्या शतकात श्रीचक्रधर या परिसरात फिरले आणि लोकांशी लोकांच्याच बोलीत बोलले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी त्याच शतकाच्या अखेरीस मराठी गद्यात संग्रहित केल्या. पुढे नागदेवाचार्यांपुढे संस्कृतचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी आग्रह धरला तो मराठीचा. संस्कृतात लिहिले तर आपल्या पंथातील साध्याभोळ्या म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण महानुभाव परंपरेने जपून ठेवले आहे.

आता इटलीकडे वळावे. दान्ते अलिगिएरी १२६५ मध्ये फ्लॉरेन्सला जन्मला आणि १३२१ मध्ये रावेन्ना येथे निर्वासित अवस्थेत वारला. ज्ञानेश्वरीचा परंपरागत काळ शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. म्हणजे ज्ञानदेव आणि दान्ते समकालीन होते. दान्तेपुढेही तोच प्रश्न होता : विद्वानांची लॅटिन की लोकांची बोली? त्याने आपले महाकाव्य लोकभाषेत रचले. त्याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या एका लॅटिन पत्रात या काव्याला ‘कोमेदिया’ का म्हणावे याचे विवेचन आहे. त्यात असे कारण दिले आहे की, त्याची भाषा साधी आहे, बायाबापड्याही जीत बोलतात ती. हे पत्र दान्तेचेच की नाही याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तरी त्यातील विचार नागदेवाचार्यांच्या विचाराशेजारी ठेवून पाहावा. परस्परांचे नावही ज्यांच्या कानी पडले नव्हते, असे हे दोन समाज भाषेचा न्याय करताना एकाच साक्षीदाराला पुढे बोलावतात, आणि तो साक्षीदार म्हणजे निरक्षर स्त्री.

साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे, कारण समीक्षेचे खरे काम तेथून सुरू होते. लोकभाषेचे समर्थन करणारा दान्तेचा प्रबंध लॅटिनमध्ये आहे. विद्वानांची समजूत त्यांच्याच भाषेत घालावी, असा त्याचा मार्ग. ज्ञानदेवांनी मराठीचा अभिमान मराठीतच, ओवीच्या ओघात सांगितला. एकाने वाद घातला, दुसऱ्याने प्रत्ययच दिला. असा तुलनात्मक विचार इंग्रज अभ्यासकाकडून होण्याचा संभव थोडा, कारण त्याला ज्ञानेश्वरी परकी. तो मराठी विद्यार्थ्यानेच करावयाचा आहे. त्यासाठी दान्तेची तीन ओळींची साखळीबद्ध रचना त्याच्या कानावर मूळ ध्वनीत पडली पाहिजे. मधल्या ओळीचे यमक पुढच्या कडव्याने उचलावे आणि शंभर सर्गांपर्यंत ही साखळी चालू राहावी, ही किमया साडेतीन चरणांच्या ओवीवर वाढलेल्या कानाला जशी कळेल तशी इतरांस क्वचितच कळेल.

एका स्तोत्राची परीक्षा

आता एकच कृती जवळून पाहू. संत फ्रान्सिस यांचे ‘सृष्टीचे स्तोत्र’ सर्वांच्या ओळखीचे आहे. ते १२२४-२५ च्या सुमारास, दृष्टी जवळजवळ गेली असताना, असिसीजवळील सान दामियानो येथे रचले गेले. असिसीचे बिशप व नगराधिकारी यांच्यात वैर माजले, तेव्हा क्षमेविषयीचा भाग त्यात जोडला गेला. १२२६ मध्ये मृत्यू समीप आल्यावर मरणाविषयीचा भाग आला, असे परंपरा सांगते. भाषा लॅटिन नव्हे, उंब्रिया प्रांताची बोली. इटालियन वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत अगदी आरंभीच्या पानांवर या स्तोत्राला स्थान असते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणाविषयी जगाला उद्देशून विश्वपत्र लिहिले, तेव्हा त्याचे शीर्षक रूढ लॅटिनऐवजी याच स्तोत्रातून, याच जुन्या बोलीतून घेतले : ‘लाउदातो सी’.

या स्तोत्रात एक लहानसे शब्दयोगी अव्यय वारंवार येते : ‘पेर’. प्रभूची स्तुती असो, आणि पुढे ‘पेर’ जोडून चंद्र, वारा, पाणी, अग्नी. या ‘पेर’चा अर्थ काय? ‘बद्दल’ म्हणावे, तर भक्त चंद्रासाठी देवाचे आभार मानतो. ‘कडून’ म्हणावे, तर चंद्रच देवाची स्तुती करतो. स्तोत्र १४८ मध्ये आणि दानीएलच्या ग्रंथातील भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांच्या गीतात सारी सृष्टी स्तवन करते, तसे. ‘द्वारा’ म्हणावे, तर चंद्र हा माणसाला देवापर्यंत नेणारा दुवा ठरतो. तिन्ही अर्थांचे समर्थक अभ्यासक आहेत. इंग्रजी अनुवादकाला यांपैकी एक निवडावा लागतो. विश्वपत्राच्या इंग्रजी पाठात ‘द्वारा’ हा अर्थ घेतला आहे. इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला, येथे निवड झाली होती हेच ठाऊक नसते. तो प्रामाणिकपणे अनुवाद करतो. मात्र तीन दारांच्या खोलीची दोन दारे आधीच भिंत घालून बंद झालेली असतात.

यात केवळ व्याकरण नाही. सृष्टी ही आपल्याला दिलेली वस्तू आहे, की आपल्याबरोबर प्रार्थनेस उभी असलेली मंडळी आहे, हा प्रश्न त्या एका अव्ययात दडलेला आहे. धर्मग्रामातील पर्यावरणविषयक प्रवचनाचा सारा सूर त्यावर ठरेल.

दुसरी अडचण लिंगाची. इटालियनमध्ये सूर्य पुल्लिंगी, म्हणून बंधू. चंद्र स्त्रीलिंगी, म्हणून भगिनी. वारा आणि अग्नी बंधू, पाणी भगिनी, पृथ्वी भगिनी आणि माताही. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नसते. तेथे ही नाती वरून लावलेली, लाडिक वाटतात. मराठीत मात्र प्रत्येक नामाला स्वतःचे लिंग आहे, आणि चंद्र तर प्रत्येक बालकाचा मामा आहे! त्याला बहीण म्हणावे कसे? पाणी नपुंसकलिंगी. पाण्याला फ्रान्सिस जी विशेषणे लावतात, त्यांत एक नम्रतेचे आहे. उताराकडे धावणारे पाणी ही नम्रतेची खूण आपल्या कीर्तनकारांच्याही नित्याच्या उपयोगातली, म्हणून तेथे मराठी सहज पुढे येते. परंतु नाते जोडताना ती अडते.

सर्वांत मोठी अडचण मरणाची. इटालियनमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी. म्हणून मरणाच्या दारी फ्रान्सिस तिचे स्वागत बहीण म्हणून करतात. मराठीत मृत्यू पुल्लिंगी, मरण नपुंसकलिंगी. खेड्यापाड्यांत साथीच्या मरणाला स्त्रीरूप दिले गेले ते मरीआईचे, आणि ते भयाचे. ‘भगिनी मृत्यू’ ही शब्दजोडी छापील मराठीत चालून जाते; पण एखाद्या आजीला ती मोठ्याने वाचून दाखवावी, तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटणार नाही.

मग करावे काय? मराठीला सासर-माहेराचे नाते ठाऊक आहे. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो भाऊ येतो त्याला मुराळी म्हणतात. मृत्यूला पुल्लिंगीच ठेवून मुराळी म्हटले, तर मरणाची भीती जाऊन घरच्या ओढीचा भाव येतो, आणि तो मराठी कानाला तात्काळ पोचतो. हा पर्याय मोहक आहे. तरीही आम्ही तो स्वीकारणार नाही. फ्रान्सिसच्या स्तोत्रात बंधू आणि भगिनी यांची मांडणी आळीपाळीने येते. शेवटी भाऊ आणला तर हा तोल ढळतो. शिवाय ‘न्यायला येणे’ ही कल्पना आपली, त्यांची नव्हे. आमच्या मते मूळ नाते राखावे, ‘बहीण’ हा घरगुती शब्द वापरावा, आणि तळटीपेत इटालियनमधील लिंगाचा खुलासा करावा. आमचा हा निर्णय चुकीचा म्हणणारा वाचक भेटला तर आम्हांस आनंदच होईल. कारण त्याच्याशी वाद घालण्यासाठी आम्हां दोघांनाही मूळ स्तोत्र उघडावे लागेल.

आडवाटेचे लाभ आणि तोटे

इंग्रजीच्या आडवाटेने आलेले सारेच टाकाऊ, असे आम्ही म्हणत नाही. वि. दा. सावरकरांनी लंडनमध्ये असताना जोसेफ मॅझिनीचे आत्मचरित्र व राजकारण इंग्रजीवरून मराठीत आणले. १९०७ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. त्याची प्रस्तावना तरुणांनी मुखोद्गत केली होती. अनुवादाचे सामर्थ्य याहून मोठे ते काय असावे? तथापि त्या ग्रंथाचा हेतू राजकीय होता. म्हणून मराठी मनात मॅझिनी क्रांतिकारक म्हणून कोरला गेला. दान्तेच्या देशप्रीतीवर तरुणपणी निबंध लिहिणारा, वाङ्मयाचा मर्मज्ञ मॅझिनी आपल्याला जवळजवळ अपरिचितच राहिला. आडवाटेने माल येतो तो वाटेवरच्या बाजारात निवडलेला.

भाषा न कळल्याने दुसऱ्या बाजूनेही काय होते, याचे उदाहरण फ्लॉरेन्समध्ये उभे आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्या नगरात निवर्तले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. १८७४ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले, आणि पुढे जवळ बांधलेल्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ असेच नाव पडले. त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांसाठी तो कोणी एक ‘भारतीय’ आहे. त्याला नाव आणि मुलूख परत मिळवून देणारे लेखन इटालियनमध्ये करावयाचे तर ते करण्याचा पहिला हक्क मराठी विद्यार्थ्याचा आहे.

आणि मुंबई? एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमधील संग्रहात दान्तेच्या महाकाव्याचे एक मौल्यवान प्राचीन हस्तलिखित आहे. ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दिलेले. मुसोलिनीने त्यासाठी मोठी रक्कम देऊ केली आणि सोसायटीने ती नाकारली, असे सांगितले जाते. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या ग्रंथाची किंमत आपल्याला ठाऊक आहे, त्याची अक्षरे वाचू शकणारे आपल्यात किती?

चारशे वर्षांपूर्वी स्थिती याहून बरी होती, असे म्हणावेसे वाटते. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. परंतु येशूसंघात त्यांचा प्रवेश १५७५ मध्ये रोम येथे झाला, आणि १५७९ मध्ये ते गोव्यास आले. आपल्या भावाला लिहिलेल्या १५८३ च्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. त्याच सुमारास फ्लॉरेन्सचा फिलिप्पो सास्सेत्ती हा व्यापारी भारतात होता. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. मायदेशी धाडलेल्या पत्रांत त्याने संस्कृत व इटालियन शब्दांतील साम्य टिपले, विशेषतः संख्यावाचकांतील. मराठी मुलालाही ते तात्काळ पटेल : सात आणि ‘सेत्ते’, आठ आणि ‘ओत्तो’, नऊ आणि ‘नोवे’. या दोघांना हे दिसले, कारण त्यांनी दोन्ही भाषांना थेट कान दिला होता.

बोलीचा प्रश्न

वाङ्मयाबरोबर संस्कृती शिकावयाची ती का, हे आणखी एका ठिकाणी स्पष्ट होते. १८६१ मध्ये इटलीचे राज्य एक झाले, तेव्हा प्रमाण इटालियन बोलणाऱ्यांचे प्रमाण अभ्यासकांच्या अंदाजाने अडीच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान होते. बाकीचे आपापल्या बोलीत जगत होते. आलेस्सांद्रो मान्झोनी याने आपली ‘वाग्दत्त वधूवर’ ही कादंबरी १८२७ मध्ये प्रसिद्ध केली आणि नंतर कित्येक वर्षे खर्चून तिची भाषा फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीवर पुन्हा बेतली. १८४० ते १८४२ या काळात ती नव्या रूपात आली. ही कादंबरी धर्मग्रामातील वाचकांनी अवश्य वाचावी. गावगुंडांच्या धमकीला भिऊन गरीब जोडप्याचे लग्न लावण्यास टाळाटाळ करणारा डॉन अब्बोंदिओ आणि त्याच जोडप्यासाठी जीव धोक्यात घालणारा मठवासी फ्रा क्रिस्तोफोरो, असे दोन धर्मसेवक तिच्यात समोरासमोर उभे आहेत. श्रद्धावान लेखकाने धर्मगुरूच्या भित्रेपणावर किती स्वच्छ आणि किती प्रेमळ हसावे, याचा हा धडा आहे.

वसईच्या सामवेदी किंवा वाडवळी घरातील मुलाला आणि आमच्या वऱ्हाडी बोलीत वाढलेल्या मुलीला मान्झोनीचा प्रश्न परका नाही. चर्चमध्ये प्रमाण मराठी, चुलीपाशी बोली, शाळेत इंग्रजी : या तिठ्यावर ती मुले रोज उभी असतात. प्रमाणभाषा उभारताना बोलींचे काय झाले, आणि त्यानंतरही नापोलीच्या बोलीत नाटके लिहिणारा एदुआर्दो दे फिलिप्पो कसा मोठा झाला, हे शिकलेला विद्यार्थी आपल्या बोलीकडे न्यूनगंडाने पाहणार नाही.

विद्यापीठात काय शिकावे

महाराष्ट्रातील विद्यापीठांत फ्रेंच व जर्मन यांना जे स्थान लाभले ते इटालियनला लाभलेले नाही. दिल्ली विद्यापीठाचा जर्मानिक व रोमान्स अध्ययन विभाग आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन व लॅटिन अमेरिकी अध्ययन केंद्र येथे तिच्या अध्ययनाची परंपरा आहे. इटलीत पेरूजा व सिएना येथे परदेशीयांसाठी खास विद्यापीठे आहेत. त्यांतील पेरूजा तर उंब्रियात, असिसीच्या शेजारीच. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात. इटालियन माध्यमातून पदवी घ्यावयाची तर साधारणतः चौथीपर्यंत पोचावे लागते. साधारण बुद्धीच्या पण चिकाटीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील ही गोष्ट आहे.

पालकांची शंका रास्त आहे : यातून पोट भरेल काय? अनुवाद, पर्यटन, अध्यापन, व्यापारी पत्रव्यवहार या वाटा आहेत. त्या रुंद आहेत असे सांगून आम्ही कोणास फसवणार नाही. म्हणूनच आमचा सल्ला असा की, इटालियनबरोबर मराठीचे अध्ययन पक्के ठेवावे. दोन्ही भाषा सारख्याच ताकदीने हाताळणारे माणूस विरळा असते, आणि त्याचे मोल त्यातच आहे. नुसते हॉटेलातील संभाषण शिकविणारा अभ्यासक्रम पुरे, असेही कोणी मानू नये. फ्रान्सिस, दान्ते, कॅथरिनची पत्रे आणि मान्झोनी वाचल्यावाचून जो इटालियनची पदवी घेतो, तो विहिरीवर जाऊन रिकामी घागर घेऊन परततो.

दुसरी शंका अशी येईल की, रोमहून परतलेल्या आपल्या अनेक धर्मगुरूंना व धर्मभगिनींना ही भाषा येतेच. मग वेगळा विद्यार्थी कशाला? त्यांना ती येते, हे आपले भाग्य. पण ते तेथे गेले ते धर्मशास्त्र वा धर्मसभेचा कायदा शिकण्यास. परतल्यावर धर्मग्रामाच्या कामातून त्यांना उसंत कुठली? काव्याच्या एका अव्ययावर आठवडाभर घुटमळणे हे विद्यार्थ्याचे काम आहे. मात्र या दोघांनी एकत्र बसावे असे आम्हांस मनापासून वाटते. रोमहून आलेल्या एखाद्या फादरांनी आणि मराठीच्या एखाद्या पदवीधर मुलीने एका पावसाळ्यात मिळून सृष्टीस्तोत्राचा मुळावरून अनुवाद करावा, खाली टीपा द्याव्यात, आणि पुढील सणाला तो चर्चमध्ये मोठ्याने म्हणून पाहावा.

रिद्धपूर आमच्याच अमरावती धर्मप्रांतात आहे. तेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. अभिजात म्हणविणाऱ्या भाषेने दुसऱ्या अभिजात वाङ्मयाशी तिसऱ्याच्या मध्यस्थीने बोलणे तिला शोभत नाही. ज्या घरात फ्रान्सिसची तसबीर आहे, त्या घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने त्या संताचे शब्द मुळात वाचावयाचे ठरविले, तर आई-वडिलांनी त्याला लगेच नाही म्हणू नये. आम्हांस सांगावयाचे ते एवढेच.